भाजीच्या शहरात सहा दिवस

पहिला दिवस

बीजिंगहून सकाळी निघालेल्या जलदगती गाडीने आम्हाला छिंगचोउला उतरवलं. वाटेत खिडकीबाहेर नुसता गहू. एप्रिल २०१९ चा तिसरा आठवडा होता. आपल्याकडे तोवर गहू मळून पोत्यात गेलेला असतो, तिथं तो अजून ओंबीवर यायचा होता. अण्णांनी काचेला कपाळ टेकवून तासभर तो गहू पाहिला आणि म्हणाले, "पेरणी एकसारखी आहे रे. कुठं एक वाफा उघडा नाही."

अण्णा म्हणजे माझे चुलते. वय ६८, माळकरी, जुन्नर तालुक्याबाहेर गेले ते फक्त आळंदी-पंढरपूरला. मी त्यांच्याच हाताखाली टोमॅटो शिकलो, आता जोडीला ढोबळी मिरची करतो. आदल्या वर्षी टोमॅटोला इतका पडेल भाव होता की तोडणीची मजुरीही निघेना. लगडलेल्या झाडांत आम्ही मेंढरं सोडली. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. मी मोबाइलवर चाळत बसलो होतो, तेव्हा चीनमधल्या शोउग्वांगचं नाव पहिल्यांदा वाचलं. एकेकाळी तिथल्या शेतकऱ्यांचाही माल असाच सडला होता आणि तिथूनच त्यांची सुरुवात झाली होती. हे प्रत्यक्ष बघायचंच, असं ठरवून टाकलं.

छिंगचोउहून मोटारीने शोउग्वांगला तास लागला नाही. शोउग्वांगला १९९३ साली शहराचा दर्जा मिळाला, पण आपल्या हिशेबाने तो एक मोठा तालुकाच. मधे उंच इमारती आणि रुंद रस्ते, भोवती शेकडो खेडी, उत्तरेला समुद्र. वस्ती ११ लाखांच्या आसपास. शानतुंग प्रांतातल्या वेइफांगच्या अखत्यारीत तो येतो. भाजीखालचं क्षेत्र सुमारे १ लाख एकर आणि वर्षाचं उत्पादन ४५ लाख टन सांगतात. हे आकडे घरी वाचले तेव्हा नुसते आकडे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मातीचे लांबच लांब पाठीसारखे उंचवटे आणि त्यांच्या दक्षिणेला उतरता प्लॅस्टिकचा कागद दिसायला लागला, एक संपला की दुसरा, मैलोन् मैल, तेव्हा गाडीत सगळे गप्प झाले.

दुभाषी म्हणून जी मुलगी सोबत होती ती इथलीच, कॉलेजात शिकणारी. आमच्याशी इंग्रजीत बोलायची. अण्णांना तिने पहिल्याच भेटीत "येये" म्हणून हाक मारली. येये म्हणजे आजोबा. अण्णांनी तिला "पोरी" म्हणायला सुरुवात केली आणि सहाही दिवस ते दोघं एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत राहिले.

दुसरा दिवस

आज सानयुआनचू. जिथून सगळं सुरू झालं ते हे गाव.

या भागात थंडी कडाक्याची. जानेवारीत पारा शून्याच्या खाली दहा अंशांपर्यंत जातो. पूर्वी हिवाळ्यात भाजी म्हणजे साठवलेला कोबी, मुळा आणि खारवलेलं लोणचं. १९८९ च्या सुरुवातीला, ऐन सणाच्या दिवसांत, या गावचे कम्युनिस्ट पक्षाचे सचिव वांग लेयी यांच्या घरी ताज्या काकड्या आल्या. आल्या होत्या उत्तरेकडून, ल्याओनिंग प्रांतातून, म्हणजे इथल्याहून जास्त थंडीच्या मुलखातून. तिथं हिवाळ्यात काकडी होते तर इथं का नाही, म्हणून ते वाफांगत्येनला जाऊन थडकले. तिथल्या हान योंगशान या शेतकऱ्याने कोळसा न जाळता, नुसत्या उन्हावर चालणारं शेतघर तयार केलं होतं. या लोकांनी खेपा घातल्या, विद्या मागून घेतली, पुढे त्यांनाच गावात शिकवायला आणलं.

ऑगस्टमध्ये बांधायला घ्यायचं म्हणजे शेतात उभा असलेला मका कापावा लागणार होता. कणसं अजून हिरवी. गावात कुणी तयार होईना. शेवटी पक्षाच्या १७ सभासदांनी आपापला मका कापला आणि १७ शेतघरं उभी केली. हे ऐकताना अण्णांनी हात वर करून दुभाषीला थांबवलं आणि मला म्हणाले, "हातातोंडाशी आलेला मका कापायचा म्हणजे घरात काय झालं असेल, विचार तिला." तिने तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, बायका रडल्या. त्याच हिवाळ्यात काकडी बाजारात गेली आणि चढ्या भावाने हातोहात खपली.

ज्या शेतघरात आम्ही शिरलो ते एका नवरा-बायकोचं. याला ते 'ताफंग' म्हणतात. आपलं पॉलिहाऊस म्हणजे लोखंडी सांगाडा आणि चहूबाजूंनी कागद. याचा जीव उत्तरेच्या भिंतीत आहे. भिंत मातीची, दाबून बसवलेली. दारातून आत जाताना ती भिंतच ओलांडावी लागते, म्हणून अण्णांनी पावलं मोजली. तळाशी पाच पावलं भरली. दिवसभर दक्षिणेकडून आलेलं ऊन ती भिंत पिते आणि रात्रभर हळूहळू सोडते. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खोल खणलेली, म्हणजे खालच्या मातीची ऊब मिळते. वर उतरत्या कागदावर गोधडीसारखी जाड दुलई. ती संध्याकाळी कागदावर पसरायची, सकाळी ऊन आलं की गुंडाळून माथ्यावर न्यायची. पूर्वी ताट्या असायच्या, गवताच्या. त्या पहाटे बर्फात, दोरीने, माणसं ओढायची. आता मोटार आहे. बाईने बटण दाबलं आणि शंभर मीटरची ती गुंडाळी आमच्या डोक्यावरून सरसरत वर गेली. आत ऊन सांडलं. अण्णांनी भिंतीला तळवा लावला, बराच वेळ तसाच ठेवला, मग माझा हात धरून तिथं ठेवला. चुलीमागच्या भिंतीसारखी ऊब होती.

आत काकडी होती. प्रत्येक वेल एका दोरीवर चढवलेला. वेल वर पोचला की खालची जुनी पानं काढून त्याला खाली उतरवतात आणि देठाचं वेटोळं जमिनीवर घालून शेंडा पुन्हा चालू ठेवतात. रोपं कलमाची. खुंट भोपळ्याचा, वर काकडीचा शेंडा. भोपळ्याची मुळी थंड जमीन सोसते आणि मुळांचा रोगही कमी येतो. बाईने खिशातून कलमाचा चिमटा काढून दाखवला, नखाएवढा, प्लॅस्टिकचा. भोपळ्याच्या कोवळ्या रोपाला तिरपी चीर, काकडीच्या रोपाला तिरपी चीर, एकात एक बसवलं, चिमटा लावला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. शेजारच्या टोमॅटोत पुठ्ठ्याचं एक खोकं टांगलं होतं, त्यातून जाडे केसाळ भुंगे ये-जा करत होते. पराग पडून फळ धरावं म्हणून टोमॅटोचं फूल झटकायचं काम ते करतात. संप्रेरकाचा फवारा मारलेलं फळ आणि भुंग्याने झटकलेलं फळ कापलं की कळतं, असं ती म्हणाली आणि दोन्ही कापून दाखवली. एकात गर सैल होता. दुसऱ्यात बिया भरगच्च.

मला सगळ्यात भिडली ती पुढची हकिकत. १९८९ ला १७ शेतघरं होती, पुढच्याच वर्षी तालुक्यात ५ हजारांवर झाली. त्यांनी विद्या गावात दाबून ठेवली असती तर काही वर्षं चढा भाव एकट्यांनीच खाल्ला असता. तालुक्याचे तेव्हाचे पक्षसचिव वांग बोशियांग यांनी वांग लेयींना गळ घातली आणि त्यांनी गावोगाव फिरून शिकवलं. तेही मोठ्या आजारातून, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठलेला माणूस. आज शोउग्वांगची हजारो माणसं दुसऱ्या प्रांतांत भाजी शिकवायला जातात. आपल्याकडेही असे लोक आहेत, द्राक्षबागायतदार एकमेकांच्या बागेत जाऊन छाटणी शिकवतात ते मी पाहिलंय. पण भाजीवाले आपण अजून एकेकटेच आहोत, हे मला तिथं फार जाणवलं.

तिसरा दिवस

पहाटे बाजार. अंधारात निघालो.

आपल्या मार्केटात मी गेली वीस वर्षं जातो. क्रेट उतरले की पोटात गोळा येतो. भाव काय निघेल हे देवाला ठाऊक, आणि पट्टी हातात पडल्यावर हमाली, तोलाई, आडत जाऊन उरलं ते आपलं. त्यामुळे मी इथं माल कमी आणि पैसे कसे हातात पडतात तेच जास्त बघत होतो. गाडी काट्यावर येते, वजन पडद्यावर येतं, कार्ड लावलं की व्यवहार नोंदला जातो. औषधाचा अंश तपासायला नमुना घेतात. भावाचे फलक लागलेले. ज्याला बघायचं त्याने बघावे. माल इथलाच असतो असंही नाही. दक्षिणेच्या गरम मुलखातून ट्रक येतात, इथं उतरतात, उत्तरेच्या शहरांना जातात. पिकवणारं गाव हळूहळू भाव ठरवणारं गाव झालं.

आणि हे कशातून झालं? १९८३ साली कोबीतून. आपला पत्ताकोबी नव्हे, लांबट चिनी कोबी. त्या वर्षी सगळ्यांनी तोच लावला, पीक अफाट आलं, घेणारा कुणी नव्हता. अडीच कोटी किलो कोबी जागेवर सडला. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, च्यूशियांग या गावात घाऊक बाजार सुरू केला. मग वांग बोशियांग सचिव झाल्यावर तो बाजार वाढवला, बाहेरच्या व्यापाऱ्यांनी यावं म्हणून त्यांची सोय पाहिली. आता आहे तो मोठा आवार २००९ चा.

सालं लक्षात घ्या. बाजार १९८४, शेतघरं १९८९. काकडी आली तेव्हा ती विकायची जागा पाच वर्षं जुनी होती. आमच्या भागात उलटं झालं. अनुदानावर पॉलिहाऊस आली, कर्जं झाली, फुलं आली, मिरची आली, आणि मग प्रत्येक जण एकेकटा गिऱ्हाईक शोधायला निघाला. मी स्वतः त्यातलाच. हे मी अण्णांना तिथंच, ट्रकांच्या गोंगाटात सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या आबांनी विहीर खणायच्या आधी मोट घेतली होती. तसंच की हे." आणि पुढे चालू लागले.

१९९५ मध्ये इथून बीजिंगपर्यंत भाजीच्या ट्रकांसाठी खास मोकळा मार्ग सुरू झाला. देशातला तसला पहिला. टोलनाक्यावर ताटकळणं नाही. टोमॅटो पिकलेला असताना फाट्यावर चार तास अडकलेला माणूसच याची किंमत जाणतो.

दुपारी जेवणाचा प्रश्न. भाजीच्या राजधानीत माळकरी माणसाची चंगळ होईल असं वाटलं होतं, पण भाजीत मांसाचे तुकडे किंवा चरबी असतेच. दुभाषी मुलीने आचाऱ्याला तीन-तीनदा "सू, सू" म्हणून बजावलं. सू म्हणजे शाकाहारी. मग आल्या कच्च्या भाज्या: काकडी, कोवळी कांद्याची पात, मुळ्याच्या फोडी, सोबत सोयाबीनची खारी चटणी आणि वाफवलेले पांढरे पाव. अण्णांनी पात मोडली, चटणीत बुडवली, पावाच्या तुकड्याबरोबर खाल्ली. भाकरी-पातीचा घास घेतल्यासारखा चेहरा झाला. मुळा आतून हिरवागार, रसाळ. इकडची म्हण आहे, यानताईची सफरचंदं आणि लायांगच्या नासपत्या एकीकडे, वेइफांगच्या मुळ्याची सालसुद्धा त्यांना भारी. इथल्या मुळ्याला फळाचा मान आहे.

चौथा दिवस

भाजीचं प्रदर्शन. २००० सालापासून दरवर्षी २० एप्रिलला सुरू होतं, ३० मेपर्यंत चालतं. गर्दी म्हणजे आपल्या जत्रेसारखी. टोमॅटोचं एकच झाड मांडवभर पसरलेलं, त्याला शेकडो फळं. रताळी जमिनीत नाहीत, वर मांडवाला लोंबताहेत. भोपळे, मिरच्या, कोबी यांचे देखावे. शाळेची पोरं, शेतकरी, फोटो काढणाऱ्या बायका. मला देखाव्यांत फार रस नव्हता, म्हणून आम्ही बियाण्यांच्या वाणांकडे वळलो. एक काळ होता की इथल्या टोमॅटो-मिरचीचं बी परदेशी कंपन्यांचं असायचं आणि ते सोन्याच्या भावाने ग्रॅमवर घ्यावं लागायचं. ते चटके खाल्ल्यावर यांनी स्वतःचे वाण काढायला सुरुवात केली. एका रोपवाटिकेच्या माणसाने ओळीतली पन्नास-साठ टोमॅटोची झाडं दाखवली, प्रत्येकाखाली पाटी. "याचं देठ चांगलं, याची साल जाड, पण चव नाही," असं तो प्रत्येकाविषयी बोलत होता. घरच्या माणसांविषयी बोलावं तसं.

दुपारी जिया सिशेंची ओळख झाली. सहाव्या शतकात उत्तर वेई राजवटीत होऊन गेलेला हा अधिकारी मूळचा इथला. त्याने 'छी मिन याओ शू' हा शेतीवरचा ग्रंथ लिहिला. ९२ प्रकरणं आहेत. नांगरटीपासून लोणच्यापर्यंत सगळं. शोउग्वांगच्या लोकांना त्याचा अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. दुभाषी मुलगी त्यातलं एक वाक्य शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवायला लागली: ऋतू ओळखून, जमीन जोखून चाल, म्हणजे कमी कष्टात जास्त पिकेल. मनाला येईल तसं केलंस तर राबूनही हाती काही लागणार नाही.

अण्णांना हे पटलं, पण ते थांबले मुगापाशी. जमीन कसदार करायची तर मूग पेरून गाडणं सर्वांत उत्तम, असं त्या पुस्तकात आहे. "हे तर आमच्या आबांचंच!" ते जवळजवळ ओरडलेच. आणि कलिंगड-खरबुजाच्या जातीची पेरणी कशी करावी त्याची रीत ऐकून मीही थक्क झालो. आळ्यात वेलाच्या चार बिया टाकायच्या आणि सोबत सोयाबीनचे तीन दाणे. वेलाचं रोप नाजूक, त्याला माती फोडून वर येववत नाही. सोयाबीन जोरात उगवतं, माती उचलतं, त्याच्या आधाराने वेल बाहेर येतो. वेलाला काही पानं फुटली की सोयाबीन उपटायचं नाही, नखाने खुडायचं. उपटलं तर माती हलते. दीड हजार वर्षांपूर्वी हे ज्याने लिहून ठेवलं, तो आळ्यापाशी उकिडवा बसला असणार.

परतताना मी नदीच्या काठाने गाडी घ्यायला सांगितली. ऑगस्ट २०१८ मध्ये रुंबिया वादळाचा पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि 'मी' नावाच्या या नदीने गावंच्या गावं बुडवली. शेतघरं खोल खणलेली, म्हणजे ज्या खोलीमुळे ऊब मिळते त्याच खोलीत पाणी साचून राहिलं. मातीच्या भिंती विरघळल्या. एका ठिकाणी अजून ढासळलेल्या भिंतीचा ढीग होता, त्यावर गवत उगवलं होतं. शेजारी नवीन भिंत, हातभर उंच जोत्यावर. तिथल्या शेतकऱ्याने काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. अण्णांनी त्याला हात जोडले, त्याने अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

पाचवा दिवस

उत्तरेला समुद्राकडे. शेतघरं संपली आणि जमीन पांढुरकी, चोपण झाली. मग मिठागरं. आपल्या मिठागरांत समुद्राचं पाणी घेतात, इथं जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, ते समुद्राहून तीव्र असतं. श्वांगवांगचंगला मीठ उकळायच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या भट्ट्या सापडल्या आहेत. शिरस्त्राणासारखी निमुळत्या बुडाची मातीची भांडी भरभरून निघाली. देशातल्या २००८ च्या सर्वांत महत्त्वाच्या दहा उत्खननांत या जागेची गणना झाली. म्हणजे भाजीच्या कितीतरी आधी हे मिठाचं गाव होतं, आणि दक्षिणेची गोडी जमीन व उत्तरेची खारी जमीन एकत्र आली तिथं लोणच्याची संस्कृती झाली. घरोघर खारवलेल्या मुळ्याचे, मिरचीचे माठ. यांगकोउ बंदरावर खेकडेसुद्धा मिठात मुरवतात.

वारा बोचरा होता. तासाभरात परतलो.

सहावा दिवस

शेवटचा दिवस वेइफांगला. पतंगांचं शहर. १९८४ पासून इथं आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. यांगच्यापू गावात पतंग आणि लाकडी ठशांची चित्रं घरोघर होतात. ही नववर्षाची चित्रं शेतकरी कुटुंबं दारावर लावायची, आपण दाराला तोरण बांधतो तसं. एका रंगाला एक ठसा. कारागिराने काळ्या रेघांचा ठसा आधी दाबला, मग लाल, मग पिवळा, मग हिरवा. एकही रंग रेघेबाहेर गेला नाही. पूर्वी शेतातली कामं संपली की हिवाळाभर हे चालायचं. मी मनात म्हटलं, आता हिवाळ्यातही काकडी आहे. दुभाषी मुलगी म्हणाली, तिच्या आजीला चित्रं काढता यायची, आईला येत नाहीत, आई शेतघरात असते. ती हे सहज बोलून गेली, पण मला ते लागलं. सुगीनंतरची मोकळी दुपार ही संपत्तीच असते, आणि ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

मैदानावर ड्रॅगनच्या तोंडाची शतपाद गोम चढत होती. बांबूच्या कामट्या, रेशमी कापड, शंभरेक चकत्या एका मागे एक. चारजण दोरी धरून मागे रेलले होते. संक्रांतीला मांजा धरलेले आम्ही, असली जाड दोरी कधी हातात घेतली नव्हती. एकाने अण्णांच्या हातात टोक दिलं. अण्णांनी टोपी खोचली, पाय रोवले.

संध्याकाळी स्टेशनात बसलो असताना दुभाषी मुलीने मोबाइलवर शोउग्वांगचे त्या दिवसाचे भाव काढून दाखवले. काकडी, वांगी, टोमॅटो, वाणावाणाप्रमाणे. मी अण्णांना वाचून दाखवले. त्यांनी नीट ऐकलं, सदऱ्याच्या आतल्या खिशातून कलमाचा तो चिमटा काढून पुन्हा बघितला, आणि मला म्हणाले, "घरी फोन लाव."

पुतण्याने उचलला. अण्णांनी खुशाली विचारली नाही.

"काय रे, आज क्रेटला काय गेलं?"